सीबीसीचा कागद हातात आल्यावर

ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही, घरात कुणी गरोदर राहिली, ऑपरेशनची तारीख ठरली, की बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आधी उमटतं ते सीबीसी. संध्याकाळी लॅबमधून कागद येतो आणि दवाखाना उघडायच्या आत घरातल्या चार जणांच्या हातांतून फिरतो. बघितले जातात दोनच आकडे, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट. बाकी कागदावर कुठे 'एच' किंवा 'एल' छापलेलं दिसलं की धास्ती.

एच म्हणजे शेजारी दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त, एल म्हणजे कमी. ही मर्यादा निरोगी माणसांच्या रक्तावरूनच ठरवतात आणि त्यातल्या मधल्या ९५ टक्क्यांना 'नॉर्मल' म्हणतात. म्हणजे ठणठणीत माणसांपैकीही वीसात एक जण प्रत्येक ओळीत बाहेर पडतोच. सीबीसीत वीसेक ओळी असतात, तेव्हा एखादा एल निघाला तर त्यात नवल नाही. कोणता आकडा किती हलला आणि त्याच्यासोबत दुसरा कोणता हलला, हे बघायचं असतं.

सीबीसी म्हणजे रक्तातल्या तीन जातींच्या पेशींची मोजदाद: तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट. साखर, किडनी, लिव्हर, थायरॉईड यातलं काहीही यात नसतं. 'सगळं रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आहे' असं सीबीसीवरून म्हणता येत नाही. मलेरियासाठीही काचपट्टीवरची तपासणी किंवा किट वेगळं लागतं.

रक्त देताना

उपाशी राहायची गरज नाही. मात्र तळणीचं भरपेट जेवून लगेच गेलात तर रक्तातल्या चरबीमुळे नमुना दुधाळ होतो आणि हिमोग्लोबिन आहे त्याहून जास्त दिसतं. त्याच रक्तावर साखर किंवा कोलेस्टेरॉलही करायचं असेल तर उपाशी जायचं की कसं, हे आधी विचारून घ्या.

सीबीसीचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. आत ईडीटीए नावाचं रसायन असतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. नळीवर खूण असते, रक्त तिथपर्यंतच हवं. कमी भरलं तर रसायनाचं प्रमाण जास्त होऊन तांबड्या पेशी आक्रसतात; जास्त भरलं तर नीट मिसळत नाही. भरल्यावर नळी आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची, खडाखडा हलवायची नाही. सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच. लहान मुलाची शीर सापडत नाही, थेंब-थेंब रक्त निघतं, नळीत बारीक गुठळी होते आणि त्या गुठळीत प्लेटलेट अडकून बसतात. मशीन मग पन्नास हजार दाखवतं, मूल मात्र अंगणात खेळत असतं.

दंडाला पट्टा एक मिनिटाच्या वर बांधून ठेवला तर रक्त दाटतं. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं तर ते पातळ होतं आणि तिन्ही जातींच्या पेशी एकदम कमी दिसतात. दवाखान्यात पेशंट ॲडमिट असेल आणि सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत अचानक दरी दिसली, तर रक्त कोणत्या हातातून घेतलं हे आधी विचारा.

खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडे नमुना गोळा होतो आणि पुढे शहरातल्या लॅबमध्ये जातो. साध्या तापमानाला सहा तासांच्या आत तो मशीनवर लागलेला बरा. उशीर होणार असेल तर थंड डब्यात ठेवायचा, पण बर्फाला चिकटवून नाही. नळी उन्हात तापत राहिली तर तांबड्या पेशी फुगतात, एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) खोटा वाढतो, पांढऱ्या पेशी ओळखू येईनाशा होतात. कागदावर रक्त घेतल्याची वेळ आणि तपासल्याची वेळ अशा दोन वेळा असतात. त्यांच्यातलं अंतर बघायची सवय लावा.

आधी एकक, मग आकडा

सीमाभागातला माणूस एकदा बेळगावात तपासतो, पुढच्या वेळी कोल्हापूर किंवा मिरजेला. दोन्ही कागदांवर प्लेटलेट निराळ्या पद्धतीने छापलेल्या असतात. एकीकडे '२.१ लाख', दुसरीकडे नुसतं '२१०'. दोन्ही एकच. २१० पुढे छोट्या अक्षरांत 'गुणिले दहाचा तिसरा घात' लिहिलेलं असतं, म्हणजे २१० हजार. पांढऱ्या पेशींचंही तसंच, ७.४ म्हणजे ७,४००. हे न कळल्यामुळे रात्री गाडी काढून दवाखाना गाठणारी माणसं असतात.

दोन लॅबमधला थोडा फरकही फरक धरू नये. हिमोग्लोबिन ११.२ चं ११.५ झालं म्हणजे वाढलं नाही, आणि प्लेटलेट १.५५ लाखांवरून १.४२ लाखांवर आल्या म्हणजे घसरल्या नाहीत. सुधारणा मोजायची असेल तर शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा.

तांबड्या पेशी

मशीन कसं मोजतं हे कळलं की या ओळी सोप्या होतात. पातळ केलेलं रक्त एका बारीक भोकातून जातं. एकेक पेशी जाताना विजेच्या प्रवाहात झटका बसतो. झटके किती, यावरून पेशींची संख्या; झटका केवढा, यावरून पेशीचं आकारमान. हिमोग्लोबिन वेगळं मोजतात, पेशी फोडून द्रावणाचा रंग किती गडद आहे त्यावरून. बाकीचे बरेच आकडे या तिन्हींवरून केलेले गुणाकार-भागाकार असतात.

म्हणूनच एक घरगुती पडताळा जमतो. हिमोग्लोबिनला तीनने गुणलं की साधारण हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेले टक्के) यायला हवं, म्हणजे १२ ला ३६ च्या आसपास. पेशी नेहमीच्या आकाराच्या असताना हा हिशेब फारच चुकला तर नमुन्यात किंवा मशीनमध्ये गडबड असू शकते. एमसीएचसी (पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे ते) ३६ च्या वर गेलं तरीही तोच संशय आधी घ्यावा: दुधाळ नमुना, किंवा थंडीने एकमेकींना चिकटलेल्या पेशी. काही आजारांतही ते वाढतं, पण ते डॉक्टर बघतील.

हिमोग्लोबिन कितीच्या खाली गेलं की रक्त कमी म्हणायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने पुरुषात १३, बाईत १२, गरोदरपणी ११ (मधल्या तीन महिन्यांत १०.५). पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत ११.५. सरकारी दवाखान्यातल्या कन्नड फलकावर 'रक्तहीनते' लिहिलेलं असतं ते हेच. गरोदर बाईच्या तायी कार्डावर दर भेटीचं हिमोग्लोबिन लिहितात. एकेक आकडा सुटा बघू नका, ओळीने बघा. ११.८, १०.९, ९.८ अशी उतरण असेल तर शेवटचा आकडा 'फार वाईट नाही' म्हणून सोडून द्यायचा नसतो. गरोदरपणात ७ च्या खाली म्हणजे थेट मोठा दवाखाना.

निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तातलं काही हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साईडने अडवून ठेवलेलं असतं. शरीर ते भरून काढायला जास्त हिमोग्लोबिन बनवतं, त्यामुळे आकडा ०.३ ते ०.७ पर्यंत फुगलेला असू शकतो. ओढणाऱ्याचं १३.२ हे न ओढणाऱ्याच्या १३.२ एवढं नसतं. पांढऱ्या पेशीही त्याच्या थोड्या चढ्याच राहतात.

रक्त कमी आहे हे हिमोग्लोबिन सांगतं. का कमी आहे याची दिशा एमसीव्ही, आरडीडब्ल्यू आणि तांबड्या पेशींची संख्या मिळून दाखवतात. एमसीव्ही म्हणजे एका पेशीचं सरासरी आकारमान, नेहमीचं ८० ते १००. आरडीडब्ल्यू म्हणजे पेशी एकमेकींसारख्या आहेत की लहान-मोठ्या मिसळलेल्या, साधारण १४.५ टक्क्यांच्या वर गेलं की भेसळ आहे. पेशींची संख्या बाईत ४ ते ५ दशलक्ष, पुरुषात थोडी जास्त.

तीन कागद शेजारी मांडून बघू. पहिल्यावर हिमोग्लोबिन ९.२, पेशी ४.१, एमसीव्ही ७२, आरडीडब्ल्यू १८.५. पेशी बारीक, एकमेकींत मेळ नाही, संख्याही वाढलेली नाही. हे लोह कमी पडल्याचं नेहमीचं चित्र. पाळीत जास्त जाणं, लागोपाठची बाळंतपणं, पोटातले जंत ही कारणं आधी शोधायची. पन्नाशीच्या पुरुषात मात्र हेच चित्र दिसलं तर नुसत्या गोळ्या देऊन चालत नाही. पोटातून कुठे रक्त जातंय का, मूळव्याध, अल्सर की आतड्याचा आजार, हे तपासावंच लागतं. सोबत फेरिटिन केलं तर शरीरातला लोहाचा साठा कळतो. लोह कमी असताना प्लेटलेट साडेचार-पाच लाखांपर्यंत वाढलेल्या दिसतात, त्याने वेगळं घाबरायला नको.

दुसरा कागद: हिमोग्लोबिन १०.८, पेशी ५.७, एमसीव्ही ६१, आरडीडब्ल्यू १५. इथे पेशी आणखी बारीक आहेत, पण संख्या उलट जास्त आहे. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागा. पहिल्या कागदावर ७२ भागिले ४.१ म्हणजे साडेसतरा, इथे ६१ भागिले ५.७ म्हणजे पावणेअकरा. उत्तर १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिन बनवण्यातल्या आनुवंशिक दोषाच्या सौम्य रूपाचा, संशय घ्यायचा. हा नुसता अंदाज असतो, पक्कं सांगते ती एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी. त्यात एचबीए-टू हा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असतो. लोहही कमी असेल तर एचबीए-टू खोटं खाली येऊ शकतं, म्हणून आधी लोह भरून काढून मग तपासतात. मायनर असलेल्या माणसाला बहुधा काहीच त्रास नसतो, आणि लोह खरंच कमी नसेल तर वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेऊन त्याचं हिमोग्लोबिन वाढत नाही. पण नवरा-बायको दोघंही मायनर निघाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल मेजर, म्हणजे गंभीर आजाराचं, असण्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून होतं, आणि नात्यात हा गुण दोन्हीकडे असण्याची शक्यता जास्त. पत्रिका जुळवताना या दोन आकड्यांचा भागाकारही करून बघितला तर बिघडत नाही.

तिसरा: हिमोग्लोबिन ८.९, पेशी २.४, एमसीव्ही ११२, पांढऱ्या पेशी ३,४००, प्लेटलेट १.१ लाख. पेशी थोड्या पण फुगलेल्या, आणि तिन्ही जाती कमी. शाकाहारी घरात हे दिसलं तर बी-१२ आधी तपासतात. फॉलिक ॲसिडची कमतरता, दारू, लिव्हर, थायरॉईड आणि काही औषधांनीही एमसीव्ही वाढतो. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि पायांना मुंग्या येणं मात्र वाढत जातं, कारण नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून आपल्याच मनाने 'रक्तवाढीचं टॉनिक' आणू नये.

फसवणारा कागद चौथा. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असलेल्या माणसात बारीक आणि फुगलेल्या पेशींची सरासरी ८८ येते. एमसीव्ही नॉर्मल! अशा वेळी आरडीडब्ल्यू २० च्या पुढे गेलेलं असतं, तेवढाच काय तो पुरावा. इथे काचपट्टीवर रक्त पसरून बघणं, ज्याला 'पेरिफेरल स्मिअर' म्हणतात, ते मशीनपेक्षा जास्त सांगतं.

लोहाची गोळी चालू केल्यावर दोन दिवसांत आकडा बघायला जाऊ नका. महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान १ ने वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळी नियमित घेतली का, चहासोबत घेतली का, आणि मुळात निदान बरोबर होतं का, या क्रमाने बघायचं. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून लोहाची गोळी दोन तास लांब ठेवा. लिंबू-आवळा सोबत चालतो. शौच काळी होते ती गोळीमुळे. आकडा नॉर्मलला आला तरी साठा भरायला पुढे तीनेक महिने गोळी लागते. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं ही समजूत काही जायचं नाव घेत नाही. बीटात लोह थोडकंच असतं. त्यापेक्षा हुलगे, मटकी, पालेभाजीवर लिंबू पिळणं कामाचं.

पांढऱ्या पेशी

एकूण ४,००० ते ११,०००. गरोदरपणात पंधरा हजारांपर्यंत, आणि स्टेरॉइड चालू असताना, संसर्गाशिवायही वाढतात. त्याखाली त्यांच्या पाच प्रकारांची टक्केवारी असते: न्यूट्रोफिल, लिंफोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल. टक्केवारी फसवते, कारण एक वाढली की दुसरी आपोआप घटते. एकूण आकड्याशी गुणून खरी संख्या काढा. एकूण ३,००० आणि लिंफोसाइट ६० टक्के असतील तर कागदावर लिंफोसाइटला एच लागतो. पण ३,००० चे ६० टक्के म्हणजे १,८००, म्हणजे नेहमीच्याच. खरे कमी झालेत ते न्यूट्रोफिल: ३५ टक्के, म्हणजे १,०५०. हा आकडा १,५०० च्या खाली की कमी, आणि ५०० च्या खाली असताना ताप आला तर तासाभराचाही उशीर नको.

इओसिनोफिलचंही असंच. ८ टक्के ऐकून 'ॲलर्जी वाढली' म्हणतात. एकूण ६,००० असतील तर हे ४८० झाले, म्हणजे मर्यादेतच. ५०० च्या वर गेले तर जंत, दमा, ॲलर्जी, औषधाची रिॲक्शन यांचा विचार करतात. उलट ताप आठवडाभर हटत नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत आणि इओसिनोफिल शून्य, असं दिसलं तर डॉक्टरांना टायफॉईडची आठवण येते. तिथे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणं, लागतं. छोट्या लॅबमध्ये 'थ्री पार्ट' मशीन असेल तर इओसिनोफिल वेगळे मोजलेच जात नाहीत, 'मिड' नावाच्या एकाच ओळीत मिसळतात.

चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांत लिंफोसाइट जास्तच असतात. कागदावर मोठ्यांची मर्यादा छापलेली असते म्हणून एच येतो. मोनोसाइट आणि बेसोफिलच्या किरकोळ चढ-उताराकडे बघायची गरज नाही.

प्लेटलेट

१.५ ते ४.५ लाख. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत या एका ओळीने अख्खी गल्ली जागी राहते. डेंग्यूत आधी पांढऱ्या पेशी उतरतात, मग प्लेटलेट, आणि साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात तळ गाठतात. जिवावर बेततं ते बहुधा प्लेटलेटमुळे नव्हे, तर रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपल्यामुळे. त्याची खूण हिमॅटोक्रिटच्या ओळीत असते: पहिल्यापेक्षा २० टक्क्यांनी वाढलं, म्हणजे ३८ चं ४६ झालं, तर रक्त दाटतंय. म्हणून तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीचा कागद जपून ठेवा, तुलना त्याच्याशी करायची असते. ताप उतरला की बरं वाटलं असं समजू नका, धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात. पोटात जोराने दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, फार सुस्ती किंवा तगमग, लघवी कमी होणं यातलं काहीही दिसलं तर आकडा कितीही असो, दवाखान्यात न्या. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांपर्यंत उतरलेल्या प्लेटलेटसाठीही बाहेरून पिशवी चढवायची घाई डॉक्टर सहसा करत नाहीत. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, तापाला पॅरासिटामॉल. पपईच्या पानांचा रस पाजण्यात वेळ घालवण्यापेक्षा पाणी, पेज, ताक, ओआरएस पोटात जातंय का ते बघा.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात डिसेंबर ते मे या काळात जोराचा ताप, आणि सोबत पांढऱ्या पेशी व प्लेटलेट दोन्ही कमी, असं असेल तर जंगलात गेला होता का, गोचीड चावली का, माकडं मेलेली दिसली का, हे डॉक्टरांना न विचारता सांगा. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात सापडलेला क्यासनूरचा माकडताप पुढे गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातही पोचलेला आहे.

कुठेही रक्तस्राव नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत, तब्येत ठीक, आणि प्लेटलेट चाळीस हजार? आधी आकड्यावर शंका घ्या. काही माणसांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्येच एकमेकींना चिकटतात आणि मशीनला त्या दिसत नाहीत. लॅबला काचपट्टीवर गठ्ठे आहेत का बघायला सांगा, आणि निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त द्या. त्या नळीत रक्त थोडं पातळ होतं, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात.

दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये असे कागद

हिमोग्लोबिन ७ च्या खाली, किंवा त्याहून जास्त असूनही चालताना धाप लागतेय, छातीत दुखतंय. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली. प्लेटलेट वीस हजारांच्या खाली, किंवा कितीही असून रक्त येतंय. पांढऱ्या पेशी पन्नास हजारांच्या वर. आणि स्मिअरच्या ओळीत 'ब्लास्ट' (कच्च्या, अपक्व पेशी) हा शब्द. यातलं काही असेल तर फोन करून सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचा मोठा दवाखाना गाठायचा, आणि जाताना नुसता मोबाईलमधला फोटो नव्हे, आधीचे सगळे कागद तारखेने लावून न्यायचे.